काळोखातलं जहाज

गणपतीच्या देखाव्यात काळोख मागणारा माणूस पुण्यात एकच, आणि तो माझ्या नशिबी आला.

आमचे हे, म्हणजे दीनानाथ, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून कधीच निवृत्त झाले. यंदा बिबवेवाडीतल्या आमच्या मंडळासाठी त्यांनी प्लायवूडचं जहाज बांधलं, 'लेडी कॅरोलिन'. माझे सासरे खऱ्या 'लेडी कॅरोलिन'वर, साहेबाच्या प्रवासी जहाजावर, इलेक्ट्रिशियन होते. काय थाट होता म्हणे! नाचाचा दिवाणखाना, झुंबरं, साहेब-मडमा. मग महायुद्ध लागलं आणि आरमारानं ते ताब्यात घेतलं. झुंबरं उतरली, डेकवर तोफा चढल्या, पांढऱ्या अंगाला करडा रंग फासला. नटलेल्या बाईनं पदर खोचून उभं राहावं, तसं ते उभं राहिलं.

मालवाहू जहाजांची राखण करायची, तीही दिवे विझवून. एका रात्री शत्रूची युद्धनौका आडवी आली. कप्तान म्हणाला, सगळे दिवे लावा. शत्रू उजेडावर तुटून पडला आणि बाकीची जहाजं काळोखातून निसटली. ते दिवे सासऱ्यांनी लावले, आणि जहाजाबरोबर तेही गेले. वाचलेल्या एका खलाशानं सासूबाईंना हे येऊन सांगितलं, तेव्हा हे पाळण्यात होते. वडिलांचं म्हणून यांच्यापाशी एवढंच आहे.

म्हणून हट्ट, की आधी मिट्ट काळोख, मग जहाजाचे दिवे.

“काका, लाइटिंगशिवाय पब्लिक थांबत नाय,” मंडळाचा अध्यक्ष पृथ्वीराज म्हणाला.

“थांबू नका म्हणावं.”

पहिल्या संध्याकाळी काळोख झाला मात्र, “लाइट गेली” म्हणत एका कार्यकर्त्यानं धावत जाऊन जनरेटर चालू केला. बिचाऱ्याला सवयच ती. माळा, कमानी, हॅलोजन, सगळं लखलखलं. त्यात जहाजाचे दिवे लागले ते कुणाला दिसलेही नाहीत. हे उठले आणि जहाजाचं बटण बंद करून घरी आले. मला फार वाईट वाटलं.

वडिलांबद्दल यांनी मंडळात चकार शब्द काढला नव्हता. शेवटी मीच पृथ्वीराजला गाठून सगळं सांगितलं.

“आधी सांगायचं ना, काकू,” एवढंच तो बोलला.

दुसऱ्या संध्याकाळी मंडप विझला. मग समोरचं वडापावचं दुकान विझलं, मग वरच्या गॅलऱ्या. पृथ्वीराज घरोघर जाऊन आला होता. अख्खी गल्ली काळोखात उभी, आणि कुणी जागचं हलेना. बटण यांना काळोखात पटकन सापडेना. पुढे व्हावंसं वाटलं, पण ते काम माझं नव्हतं.

जन्मात ज्यांनी कुणाला तशी हाक मारली नव्हती, ते हे हळूच म्हणाले, “बाबा, लावतो.”