मी हात कापणारी करवत

मी एक जुनी करवत आहे, मित्रांनो, पण लाकडाला कधी शिवले नाही. माझा जन्म माणसांची हाडं कापण्यासाठी झाला. भीती वाटली? वाटू द्या!

माझे मालक स्वित्झर्लंडचे डॉक्टर उलरिख. दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या सूतगिरणीत उघडे पट्टे आणि दातेरी चाकं कामगारांचे हात ओढून घेत. चिरडलेला हात माझ्यापुढे येई. दोघंजण त्या माणसाला दाबून धरत, तो गुरासारखा ओरडे आणि मी रक्ताने न्हाऊन निघे. एकदा एका बाईचे दोन्ही हात कापावे लागले. त्या दिवशी डॉक्टरांचं डोकंच फिरलं. "कापायचं तरी किती?" म्हणत ते निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. भर सभेत मला टेबलावर आपटून गरजले, "यंत्रांना जाळ्या बसवा, नाहीतर ही करवत तुम्हीच चालवा!" गिरणीवाल्यांच्या गुंडांनी त्यांना झोडपलं, एक डोळा फोडला. पण कायदा झालाच. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

पुढे मी पेटीत गंजत पडले. डॉक्टरांच्या पणतूबरोबर न्यूझीलंडला आले आणि तिथल्या जुन्या वस्तूंच्या गराज सेलमधून मनुरेवा नावाच्या उपनगरात, प्रमोद नावाच्या मराठी माणसाच्या वर्कशॉपमध्ये.

यंदा दसऱ्याला प्रमोदने हत्यारांच्या पूजेत मलाही मांडलं, कुंकू लावलं. मी हुरळले, खोटं कशाला बोलू? मग त्याला आपल्या लेथ मशीनचा व्हिडिओ पुण्याला घरच्यांना पाठवायचा होता. मशीनला घालायचा झेंडूचा हार नीट दिसावा म्हणून त्याने मशीनची जाळी काढली.

"अरे, आधी मशीन बंद कर!" त्याची बायको कौमुदी ओरडली.

"चालू मशीनच छान दिसतं गं. दोन मिनिटं, काही होत नाही, स्वीट अ‍ॅज!"

त्याने फिरत्या लेथवर हार घातला. हाराची नायलॉनची दोरी चाकाला गुंडाळली आणि तिच्या फासात त्याचं मनगट अडकलं. काडकन आवाज झाला. दोन बोटं तुटून झेंडूच्या फुलांत पडली. कौमुदीने लाल बटण दाबलं, मशीन थांबलं, पण दोरी मांसात रुतलेली आणि हात काळानिळा. तिने पाटावरून मला उचललं. पुन्हा हात कापायचा? पण तिने माझे दात दोरीवर घासले. घास, घास, घास, आणि दोरी तटकन तुटली. हात वाचला.

परवा प्रमोदने त्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी जाळीचे स्क्रू आवळले. कळवळत होता, तरी कौमुदीला स्क्रूंना हात लावू दिला नाही.

मित्रांनो, मला कुंकू नको, हार नको. मशीन बंद करा, जाळी लावा, आणि मला कायमची उपाशी ठेवा.