टेसा वुकेलिचची सही

कार्ड-मेळाव्याच्या सकाळी ऑरिन हापालाने लेन मॅटिलाचं कार्ड भिंगाखाली धरलं, व्हर्निअरने त्याची रुंदी मोजली आणि मान हलवली.

शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं बेसबॉल खेळाडूचं ते चिमुकलं चित्र होतं. रंग अजून ताजे होते, पण उजवी कड नको तितकी धारदार होती. डुलुथ शहराच्या संग्राहक मंडळात असल्या तंबाखू-कार्डांची पारख ऑरिनकडे असे. गोदीतल्या यंत्रशाळेत त्याने उभा जन्म मोजमापं घेण्यात घालवला होता, त्यामुळे त्याच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

"कापलंय," तो म्हणाला.

"अरे, माझ्या आजीने कापलंय ते! अल्बमात बसेना म्हणून. तिने काय कोणाला फसवायला कात्री घेतली होती?" लेन म्हणाला.

"कोणी कापलं आणि कशासाठी कापलं, याला महत्त्व नाही, लेन. मूळ वस्तूला हात लागला, एवढंच आपण पाहतो."

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. लेनने कार्ड खिशात घातलं. "तू माझ्या आजीला भेटायला हवं होतंस," तो म्हणाला. "तुझीच कड तासून दिली असती तिने."

ऑरिनही हसला आणि कार्डं टाचलेल्या आपल्या फळ्याकडे गेला. यंदा त्याने तंबाखू-कार्डांशेजारी शहराच्या महिला आइस हॉकी संघाची कार्डं लावली होती. प्रत्येकीची सही चित्राच्या खालच्या भागात, जाड निळ्या शाईत, एका पातळीत. अशी रांग दुसऱ्या कोणाकडे नव्हती. हा संघ नवा होता तेव्हा रिंकवर प्रेक्षकांपेक्षा बाकंच जास्त असत. त्या थंडीत ऑरिन थर्मासमधली कॉफी पीत एकेक सामना बघे आणि खेळ संपला की कठड्यापाशी उभा राही. आधी मुलं, मग मोठी माणसं, हा तिथला शिरस्ता तो काटेकोर पाळी. आपली पाळी आली की म्हणे, "फक्त सही. दुसरं काही लिहू नका."

सगळ्यांनी ऐकलं, गोलरक्षक टेसा वुकेलिचने ऐकलं नाही. "असं कसं, मिस्टर एच?" म्हणत तिने जाड शाईने सही केली, मग शेजारच्या बाईचं बॉलपेन मागून घेतलं आणि कार्ड कठड्यावर दाबून वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: 'मिस्टर एचना. बाकं रिकामी होती तेव्हा तुम्ही होतात.'

ऑरिनने आभार मानले, पण मनातून तो खट्टू झाला. घरी आल्यावर कार्ड रांगेत ठेवून पाहिलं, तर नजर नेमकी तिथेच अडखळत होती. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्याने जेवणाच्या टेबलावर स्पिरिट आणि कापूस घेतला. सहीला धक्का न लावता त्याने वरची अक्षरं एकेक करून उचलली. काम फार सफाईदार झालं.

"तुझंच नाव पुसतोयस?" अर्लीनने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं.

"रांग सारखी दिसायला हवी."

"तुला शोभतं खरं," असं म्हणून ती भांडी घासायला वळली होती. ती कौतुकाने म्हणाली, अशी ऑरिनने आपली समजूत करून घेतली होती.

दुपारी सभागृहात एकदम गलका उठला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे या वसंतात खेळ सोडलेली टेसा मंडळाची पाहुणी म्हणून आली होती. सोबत तिचे वडील होते. लोखंडाच्या खाणीत आयुष्य काढलेले, रुंद खांद्यांचे, नव्या शर्टात अवघडलेले. सह्यांसाठी मांडलेल्या टेबलाकडे न जाता ती थेट ऑरिनच्या फळ्याकडे आली.

"बाबा, हेच ते! मिस्टर एच. मी सांगायची ना, बर्फाच्या वादळात तुम्हाला गाडी काढता आली नाही, तरी एक माणूस आला होता?"

"म्हणजे माझी जागा तुम्ही भरून काढलीत," म्हाताऱ्याने ऑरिनचा हात दोन्ही हातांत धरला. "हिने तुमच्यासाठी काहीतरी लिहिलंय म्हणे. मला बघायचंय."

टेसा रांगेवरून बोट फिरवत आपल्या कार्डापाशी थांबली. "हे... हे दुसरं असेल. ते घरी ठेवलंत का?"

"हो," ऑरिन म्हणाला. "घरी आहे."

"घरीच असणार!" बाजूला उभा असलेला लेन म्हणाला. "हा माणूस असलं काही फळ्यावर टांगतो होय? कपाटात, कुलपात असेल. आमच्यात एवढा चोख माणूस नाही, पोरी."

सकाळचा सगळा अपमान विसरून लेन हे मनापासून बोलत होता. ऑरिनला त्याच्याकडे बघवेना.

"मग फोटो तरी पाठवा," टेसाचे वडील म्हणाले. "स्वयंपाकघरात लावीन."

ते दोघे टेबलाकडे गेले. ऑरिन फळ्यासमोर उभा राहिला. घरी जाऊन तिच्या अक्षराच्या वळणाने त्याच जागी पुन्हा लिहिणं त्याच्या हाताला अवघड नव्हतं. ते आपल्याला जमेल हे ज्या क्षणी त्याच्या लक्षात आलं, त्या क्षणी त्याचे कान तापले. त्याने टाचण्या काढल्या, कार्ड हातात घेतलं आणि तो टेसाच्या टेबलापुढच्या रांगेत मुलांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"तुम्ही कशाला रांगेत?" त्याला पाहून टेसा म्हणाली.

त्याने कार्ड तिच्यापुढे ठेवलं आणि एका बाजूने किंचित उचललं. तिरप्या उजेडात कोऱ्या जागेवर पेनाचे वळ दिसू लागले.

"हेच ते," तो म्हणाला. "घरी काही नाही. मी खोटं बोललो."

तिने वाकून पाहिलं. "हे कोणी पुसलं?"

"मीच."

"का?"

"बाकी सगळ्यांची फक्त सही होती. तुझं वेगळं दिसत होतं."

तिच्या वडिलांनी चष्मा चढवला आणि कार्ड उजेडाकडे धरून ते अक्षरं लावू लागले. "बाकं... रिकामी..."

"राहू द्या, बाबा." टेसाने त्यांच्या हातातून कार्ड काढून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर ऑरिनला तो सोसता आला असता. रिंकवर आपल्यावर गोल झाल्यावर ती मुखवटा वर करून पाण्याची बाटली शोधायची, तशी ती क्षणभर इकडेतिकडे बघत राहिली.

"मी त्या दिवशी खूप विचार करून लिहिलं होतं," ती म्हणाली. "मला असं लिहायला सुचत नाही पटकन."

"मला माहीत आहे. म्हणजे, आता..."

"पुन्हा नाही लिहिणार मी."

"मी त्यासाठी आलो नाही."

तिने कार्ड त्याच्या हातात दिलं. "मागे लोक उभे आहेत, मिस्टर हापाला."

तो बाजूला झाला. म्हाताऱ्याने त्याला मान हलवून निरोप दिला, पण या वेळी हात पुढे केला नाही.

फळ्यापाशी लेन कागदी पेल्यातलं सूप पीत उभा होता. रांगेच्या मधोमध रिकामी जागा पडली होती. "अरे, टेसाचं पडलं की काय कुठे?" म्हणून तो खाली वाकून शोधू लागला.

"ऊठ, लेन. पडलं नाही." ऑरिनने कार्ड त्याच्या हातात दिलं. "उजेडात धर. तिने माझ्यासाठी लिहिलेलं मी स्पिरिटने पुसलं. आणि मघाशी तू माझी बाजू घेतलीस, तेव्हा मी गप्प बसलो."

लेनने कार्ड तिरपं केलं, वाचलं, पुन्हा वाचलं. तो काही बोलायच्या आत एक बाई मुलीला घेऊन फळ्यासमोर आली आणि मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "इथे कोण होतं हो?"

लेनने ऑरिनकडे पाहिलं.

"टेसा वुकेलिच," ऑरिन म्हणाला. मग बाई पुढे सरकू लागली, तेव्हा त्याने तिला थांबवलं आणि ते कार्ड तिथे का नाही, हे तो सुरुवातीपासून सांगायला लागला.