कापडात गुंडाळलेला धामा

धामा हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, मित्रांनो. गुरुद्वाऱ्यात शबद गाताना तबल्यासारखी एक जोडी वाजते. तिच्यातला डाव्या हाताने वाजवायचा, तो मी. शिसवीचं माझं खोड आता जुनं झालं आहे.

माझे मालक सुजानसिंग खामगावात सुऱ्या-कात्र्यांना धार लावत. रविवारी सकाळी ते गुरुद्वाऱ्यात येत, लंगरच्या, म्हणजे तिथल्या सामुदायिक जेवणाच्या, कणकेचा ओला गोळा माझ्या मधोमध थापत, आणि माझा आवाज भरदार होई. वाजवून झालं की ती कणीक खरवडून मला ओल्या फडक्याने पुसत. कितीही घाई असली तरी हे काम त्यांनी कधी टाळलं नाही.

मग लकव्याने त्यांचा डावा हात गेला. मी गप्प झालो. त्यांनी हट्टाने नातीला, डिंपलला, तोंडाने बोल सांगून शिकवलं. गेल्या गुरुपुरबला, गुरूंच्या जयंतीला, ती पहिल्यांदा जमलेल्या संगतीसमोर वाजवायला बसली. दादाजी डोळे मिटून डोलत होते. वाजवणं संपताच बायकांनी तिला जवळ घेतलं, कौतुक करत लंगरात वाढायला नेलं. कणीक माझ्यावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर उंदरांनी कणकेबरोबर माझं कातडंही कुरतडलेलं!

“दादाजी, म्या पुसलंच नाही,” डिंपल रडू लागली.

“रडतं काऊन? उंदरायलेबी कीर्तन आवडलं म्हनाव!”

कातडं बदलून देणारे शकीलचाचाही हसले. “सरदारजी, तुमच्या उंदरायनं तं याच्यावरच लंगर केला!”

थट्टा मायेचीच होती, पण डिंपलची मान खाली गेली ती वर आली नाही. नवं कातडं चढल्यावर तिने मला कापडात गुंडाळलं, वर आणखी एक चादर बांधली आणि घरातल्या फळीवर ठेवून दिलं. आता गुरुद्वाऱ्यात मोबाइलवरचे शबद लागतात.

काल दादाजींनी विचारलं, “बेटा, मी हाओ तोवर एकदा वाजवशीन काय?”

“उद्या, दादाजी.”

ती रोज हेच म्हणते. दादाजींचा आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालला आहे.

मित्रांनो, मला उंदरांची भीती वाटत नाही. न वाजवता ठेवलं तर माझं नवं कातडंही आखडून जाईल. हातून चूक झाली म्हणून तुम्हीही एखादं वाद्य असं बांधून ठेवलं असेल, तर ते आजच खाली काढा. ऐकणारं माणूस घरात आहे तोवर.