भिंतीला थबकणारी पावलं

घाबरू नका. आवाज भिंतीमागून येतोय, पण भिंत बोलत नाहीये. भिंतीने अडवलेली पायवाट बोलतेय. लोक म्हणतात मी झपाटलेली आहे. खोटं नाही ते. पण मला कुणी झपाटलं, ते ऐकून तरी घ्या.

शेवगावच्या कडेला मी जन्मले. मला कुणी बांधलं नाही. मळ्याकडच्या वस्तीतली माणसं बाजाराला जात राहिली, त्यांच्या पायांनीच मी घडले. शाळा, पिठाची गिरणी, भाजीबाजार, सगळं माझ्यावरून चालत गाठता यायचं. बाजाराच्या अलीकडे ओढ्याकाठी स्मशान, म्हणून तिरड्याही माझ्यावरूनच जायच्या. मधे लिंबाखाली विसाव्याचा दगड आहे. तिथे तिरडी घटकाभर टेकवायची, खांदे बदलायचे आणि पुढे निघायचं. शाळेतून येताना पोरं त्याच दगडावर बसून बोरं खायची. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. चालायला वाट सगळ्यांनाच लागते.

मग वस्तीची कॉलनी झाली. माझ्या तोंडाशी शेवटचा बंगला आबासाहेबांचा. त्यांची बायको मनकर्णा नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून माझ्यावरून बाजाराला जायची. डावी चप्पल जराशी फरपटायची तिची. सर्र, टप. सर्र, टप. हातात पिशवी आणि वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा. तिच्यामुळे मला गावातली सगळी भांडणं माहीत असायची!

आबासाहेबांची सून राजेश्वरी. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आबासाहेबांना झोप लागेना. पोटुशीने तिरडी पाहू नये, असं आमच्याकडे मानतात आणि तिरडी तर त्यांच्या दारावरूनच जाई. त्यांनी कॉलनीची बैठक बोलावली. बाकीच्यांची कुरकुर होतीच, की या वाटेने कोणीही येतं-जातं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्या गळ्यावर भिंत उभी राहिली.

एकटी मनकर्णा बोलली. "अवो, मेलेल्याचं काय भ्या? त्या मोठ्या रस्त्याला लई भ्या वाटतं मला. कडंनं चालायला जागाच न्हाई."

"थोडे दिवस कळ काढ," आबासाहेब म्हणाले. "एकदा लेकरू सुखरूप हातात येऊ दे."

लेकरू सुखरूप आलं. मुक्ता नाव ठेवलं. मग तर भिंत पाडायचा विषयच संपला. भिंतीनेच पोर वाचवली, असं आबासाहेबांच्या मनाने घेतलं. कधीकधी ते विटांवरून हात फिरवत उभे राहायचे.

माझ्यावर मात्र वेडी बाभूळ माजली. कॉलनीतली माणसं दूध आणायलासुद्धा गाडी काढू लागली. एकमेकांना ओळखेनाशी झाली, कारण गाडीवरून ओळख होत नाही, नुसता हॉर्न वाजतो. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ती हमरस्त्याच्या कडेकडेने चालू लागली.

मनकर्णाही त्यातलीच. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला होता. बाजारातून परत येताना ट्रॅक्टरमागच्या उसाच्या जोडट्रॉलीचा धक्का लागला. बाजारची पिशवी रस्त्यावर सांडली आणि ती उठली नाही.

तिची तिरडीही त्याच रस्त्याने न्यावी लागली. विसावा कुठे द्यायचा? दगड माझ्यापाशी, भिंतीपलीकडे. शेवटी रस्त्याच्या कडेला धुळीत टेकवली तिला. मागे ट्रॉल्या हॉर्न वाजवत होत्या. आबासाहेब खाली बसले, त्यांना दोघांनी धरून उठवलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी, उन्हं कलताना, मला ते जाणवलं. सर्र, टप. बाजाराकडून येत होतं. गवत दबत नव्हतं, काटा हलत नव्हता, वजन म्हणून नव्हतंच. लिंबापाशी जरा थांबलं, मग भिंतीपर्यंत आलं आणि थबकलं. किती वेळ! अंधार पडेपर्यंत ती तिथेच होती. मी वाट आहे, मला माणूस पुढे नेता येतो. भिंतीतून कसा नेणार? मला फार वाईट वाटलं.

दर बाजारी असंच. कॉलनीतल्या बायकांनी आवाज ऐकला आणि भिंतीवर लिंबू-मिरच्या टांगल्या. आबासाहेबांनीही ऐकला.

मुक्ता शाळेत जाऊ लागली. एका सकाळी राजेश्वरी तिला घेऊन अर्ध्या रस्त्यातूनच परत आली. ट्रॉलीतल्या उसात दप्तराचा बंद अडकला होता, तो तुटला म्हणून पोर हातात राहिली. राजेश्वरी सासऱ्यांपुढे उभी राहिली.

"आबा, भिंतीनं वाचवली म्हणता ना हिला? मग आता भिंतीलाच सांगा, रोज हिला शाळेत पोचव म्हणावं."

आबासाहेबांनी पहार उचलली आणि भिंतीवर घातली. आवाज ऐकून कॉलनीचा सेक्रेटरी हनुमंत धावत आला.

"आबा, काय करता? तिकडं बाई चालती म्हणत्यात! वाट मोकळी केली तर घरात येईल ती."

"येऊ दे," आबासाहेब म्हणाले. "बाजारला गेलीय ती. यायला वाट न्हाई ठेवली आपन."

हनुमंताने पडलेल्या विटा बाजूला सारायला सुरुवात केली.

एक माणूस जाईल एवढंच खिंडार पडलंय अजून. मुक्ता त्यातून शाळेत जाते आणि विसाव्याच्या दगडावर बसून बोरं खाते. बाकीची भिंत पाडायची की खिंडार पुन्हा बुजवायचं, यावर कॉलनीत वाद चालू आहे. तुम्ही त्या बैठकीला जाणार असाल तर माझं एवढंच सांगा: वाट बुजवण्याआधी पाहून घ्या, घरचं कोण बाहेर गेलंय.

काल बाजार होता. उन्हं कलली. सर्र, टप. ती लिंबापाशी थांबली, भिंतीपाशी आली आणि या वेळी थबकली नाही. मी तिला खिंडारातून पलीकडे नेलं, अंगणापर्यंत.

आबासाहेब दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसले होते. ते सरकून बसले, एका माणसाला आत जाता येईल इतके.

"लई उशीर केला," ते म्हणाले.