घोषणेची चाल

कर्मचाऱ्यांच्या यादीत तिचं नाव 'मनोरंजन व इतर' या सदराखाली होतं. त्या सदरात एकूण दोघंच. एक ती, आणि दुसरा वेटिंग हॉलमधली माशांची टाकी धुणारा माणूस. त्यातही टाकीवाल्याला स्वतःचं कपाट होतं. तिची गिटार एक्स-रे विभागाच्या जिन्याखाली, फिनेलच्या कॅनशेजारी उभी असायची.

ती म्युझिक थेरपिस्ट होती. पदवी, त्यावर आणखी एक पदवी आणि दोन वर्षं दुसऱ्या रुग्णालयात उमेदवारी, एवढं करून ती इथे लागली होती. पक्षाघात झालेल्यांच्या वॉर्डात तिचं काम. ठेक्यावर पावलं टाकायला लावायची, अडखळलेला हात तालावर हलवून घ्यायचा, घाबरलेल्या माणसाचा श्वास सुरावर आणायचा. वॉर्डात तिला टिंगटिंगताई म्हणत, आणि वर्षभरानंतर तीही त्या हाकेला ओ द्यायला लागली होती. सिस्टरच्या निरोप समारंभाला तिला गिटार घेऊन बोलावणं असायचं, अधीक्षक साहेबांच्या साडूच्या वाढदिवसालाही झालं होतं. तिथे ती गेली नाही, तेव्हापासून साहेब तिच्याशी फार आदराने बोलायला लागले, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

घरीही आनंदच होता. सासूबाई शेजारपाजारी अभिमानाने सांगत की सून दवाखान्यात आहे. कुठल्या विभागात, असं कुणी विचारलं की त्यांना नेमका खोकला यायचा.

त्या शहरात हे काम करणारे तिघेच होते. एक ती, एक विशेष मुलांच्या शाळेतला, आणि एक वृद्धाश्रमातली बाई. या तिघांनी संघटना काढली होती. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशी पदं वाटून झाल्यावर सभासद व्हायला कुणी शिल्लकच उरलं नाही. आपल्या व्यवसायाला उपचार म्हणून मान्यता मिळावी, असं चार पानी निवेदन त्यांनी सगळ्या रुग्णालयांना पाठवलं. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं. त्यात आभार मानले होते आणि बक्षीस समारंभात स्वागतगीत सादर कराल का, अशी विचारणा होती.

अशात एका सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. रुग्णालयाच्या छतात स्पीकर बसवायचं ठरलं होतं. आता सगळ्याच रुग्णांना दिवसभर संगीताचा लाभ होईल, एकेकाजवळ बसून टिंगटिंग करत राहायची गरज उरणार नाही, असं त्यांनी खूप गोड शब्दांत सांगितलं. म्हणजे तिचं पद रद्द. तिने विचारलं, छतात औषधं शिंपडली तर डॉक्टरांचीही गरज उरणार नाही का. साहेब हसले नाहीत. पण रीतसर काढायचं तर आढावा समिती बसवावी लागे, आणि समितीला यायला महिनाभर होता.

त्याच आठवड्यात निवेदक काका तिच्याकडे आले.

काका एकतीस वर्षं मोठ्या बसस्थानकावर घोषणा करत होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे, कुणाची बॅग चौकशी खिडकीवर येऊन पडली आहे, हे अख्ख्या शहराने त्यांच्याच आवाजात ऐकलेलं. निवृत्त होऊन वर्ष झालं आणि मेंदूत गुठळी झाली. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळायचं, पण बोलायला गेले की तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, आणि तो होता 'च्यायला'.

भूक लागली की च्यायला, नर्सचे आभार मानायचे तरी च्यायला. भेटायला आलेल्या व्याह्यांचं त्यांनी भरल्या डोळ्यांनी च्यायला म्हणून स्वागत केलं, तेव्हा काकू पलंगामागे जाऊन उभ्या राहिल्या. ह्यांच्या तोंडून जन्मात कधी वावगा शब्द गेला नाही हो, असं त्या ज्याला त्याला सांगत. टिंगटिंगताईने त्यांना समजावलं की बोलणं मेंदूत एकीकडे असतं, आणि तोंडात बसलेल्या शिव्या नि गाणी यांची सोय बऱ्याचदा दुसरीकडे असते, म्हणून ती शाबूत राहतात. मुळात तो शब्द तोंडात बसलेला असावा लागतो, हे मात्र तिने सांगितलं नाही. काकूंनी ते स्वतःच ताडलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी जन्माचा दाखला देणं बंद केलं.

काकांना तिच्याकडे पाठवलं होतं स्पीच थेरपिस्टने. हा किडकिडीत, इस्त्रीचा माणूस. समोरचा 'ण'च्या जागी 'न' म्हणाला तरी याचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा, म्हणून त्याला सगळे उच्चारमास्तर म्हणत. दोन महिने त्याने काकांबरोबर जीव ओतून मेहनत घेतली होती, पण एक अक्षर हललं नव्हतं. तुमचा करून बघा काय तो प्रयोग, असं त्याने फाईल देताना म्हटलं. गाऊन शब्द येतीलही, पण त्याला मी बोलणं म्हणणार नाही, हेही लगोलग सांगून टाकलं.

पहिले चार दिवस पाण्यात गेले. कुठलंही गाणं वाजवलं तरी काका भिंतीकडे तोंड करायचे. काकूंना विचारलं, तर कळलं की यांना गाण्याचा जन्मजात तिटकारा. घरी फक्त बातम्या लागायच्या. मग पाचव्या दिवशी ती गिटार खाली ठेवून काकूंशी नुसत्या गप्पा मारत बसली. ते घोषणा कशी करायचे, हे तिने सहज विचारलं. काकू लाजल्या. दाराकडे बघून, आवाज बारीक करून त्यांनी म्हणून दाखवलं, "फलाट क्रमांक चाऽऽरवर…"

काकांची मान झटक्यात वळली. काकूंनी कुठेतरी चूक केली होती आणि ती त्यांना सहन होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती थेट बसस्थानकावर गेली. तिथे आता यंत्रातली बाई बोलत होती, तिचा काही उपयोग नव्हता. चौकशी खिडकीत काकांच्या वेळचे दोन कारकून होते. चालीचं विचारताच दोघांत जुंपली. एकाचं म्हणणं, 'चार'वर आवाज वर जायचा, दुसऱ्याचं म्हणणं, तो तीनवर जायचा, चारवर खाली यायचा. खिडकीसमोर रांग वाढली. रांगेतल्या एका म्हाताऱ्या कंडक्टरने दोघांनाही गप्प केलं आणि हात कानावर ठेवून अख्खी घोषणा म्हणून दाखवली. सुरुवात खालून, मग एक चढ, वर लांबवलेला ठहराव आणि पायऱ्या उतरल्यासारखा शेवट. तिने ती फोनवर घेतली. मागे कुणीतरी आमची गाडी सुटेल हो म्हणून कावलं होतं, तेही त्यात आलं.

मग काम सुरू झालं. काकांचा डावा हात हातात घेऊन ती पलंगाच्या कठड्यावर ठेका धरायची आणि घोषणेच्या चालीत गुणगुणायची, "पाऽणी हवंय." आधी ती एकटीच. मग काका ओठ हलवायचे, मग अर्धं ती, अर्धं ते. काका सूर बरोबर पकडायचे, शब्दाच्या जागी मात्र तोच त्यांचा एक शब्द बसवायचे. नवव्या दिवशी चढावर 'पाणी' आलं. काकू रडल्या. काका रडले नाहीत. त्यांना खरंच पाणी हवं होतं आणि ते द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तीन आठवड्यांत चार वाक्यं बसली. पाणी हवंय, उशी वर घ्या, खिडकी उघडा, पाय दुखतोय. काकूंची इच्छा होती की 'बरं वाटतंय' हेही शिकवावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता येईल. काकांनी ते वाक्य तोंडात घ्यायचं साफ नाकारलं. बरं वाटत नव्हतं, तर कशाला सांगायचं. उच्चारमास्तर रोज स्टॉपवॉच घेऊन कोपऱ्यात बसायचा, टिपणं काढायचा आणि ती खिशात घालून निघून जायचा.

समितीचा दिवस उजाडला आणि साहेबांनी मुहूर्त साधला. त्याच सकाळी छतातले स्पीकर सुरू झाले. डोंगरातल्या झऱ्याचा खळखळाट आणि त्यावर बासरी. अर्ध्या तासात त्याचा गुण दिसला. सतत पाणी वाहतंय म्हटल्यावर वॉर्डातल्या अठरा म्हाताऱ्यांना एकदमच लघवीला लागली. मावश्या भांडी घेऊन इकडून तिकडे पळत होत्या. अशा वातावरणात समिती आत शिरली. अध्यक्षा एक निवृत्त सर्जनबाई होत्या, बरोबर मुख्य कार्यालयाचा फाईलवाला आणि तिसरे एक गृहस्थ. ते तिसरे आल्यापासून अस्वस्थ होते आणि लवकरच त्यांनी स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारलं.

टिंगटिंगताईने काकांचा हात धरला, ठेका दिला. काकांनी डोळे मिटून सूर धरायचा प्रयत्न केला, पण वरून बासरी भलत्याच पट्टीत घुसत होती. "पा…" एवढं आलं आणि अडकलं. पुन्हा धरलं, पुन्हा अडकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी अध्यक्षांकडे बघत मोठ्याने "च्यायला" म्हटलं. आणि राग आलाच होता तर आणखी दोनदा म्हटलं. काकूंनी तोंडावर हात ठेवला. फाईलवाल्याने काहीतरी लिहिलं.

तिने साहेबांना स्पीकर बंद करायची विनंती केली. बटणं एका पेटीत होती, पेटीची किल्ली इलेक्ट्रिशियनकडे होती आणि इलेक्ट्रिशियन जेवायला गेला होता. साहेबांनी दोन्ही हात पसरून नाइलाज दाखवला आणि तो त्यांना जराही जड गेला नाही.

तिला पद जातंय याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त काकांचं तोंड बघवेना. एवढ्या लोकांसमोर ते घामाघूम झाले होते. तिने ठेका थांबवला.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "आज नको. उद्या आपण दोघंच बसू."

काकांनी हात सोडवून घेतला. तोच डावा हात कठड्यावर आपटला, एकदा, दोनदा, आपला आपण. मान ताठ झाली. आणि एकतीस वर्षं भरलेल्या स्थानकाला ऐकू जायचा तो आवाज खालून निघाला, चढला आणि वर जाऊन थांबला.

"आऽऽवाज… बंद करा."

बासरी चालूच होती. भांडी वाहून कंबर मोडलेली एक मावशी स्टुलावर चढली आणि तिने छतातून लोंबणारी वायर सरळ उपटली. साहेब काही बोलणार होते, तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला.

त्या शांततेत काकांनी चारपैकी तीन वाक्यं म्हटली. 'खिडकी उघडा' मध्येच घसरलं. अध्यक्षांनी विचारलं की पहिलं वाक्य, आवाजाचं, तेही असंच घोटून घेतलं होतं का.

"नाही," ती म्हणाली. "मी चारच शिकवलीत. ते त्यांचं स्वतःचं होतं."

"म्हणजे हे आता बोलायला लागतील?"

खोटं बोलायला ती वेळ फार सोयीची होती. तिने सांगितलं की आज ते चालीत बोलतात, चालीशिवाय कधी बोलतील, बोलतील की नाही, हे तिला माहीत नाही. काही जण बोलतात, काही जण तिथेच थांबतात. त्यासाठी रोज जवळ बसणारं माणूस लागतं, आणि हे काम छत करू शकत नाही.

मग उच्चारमास्तर उठला. त्याने टिपणांचे कागद अध्यक्षांपुढे ठेवले.

"याचा उपयोग नाही असं लिहायला मी बसलो होतो," तो म्हणाला. "तीन आठवडे प्रयत्न केला. लिहिता आलं नाही."

महिन्याभराने निर्णय आला. पद एक वर्षासाठी कायम, पुढचं पुढे. तिचं नाव पुनर्वसन विभागात हलवलं. स्पीकर काढले नाहीत, कारण ते बसवल्याचं कौतुक आधीच वरपर्यंत गेलं होतं. आवाज मात्र कायमचा शून्यावर आला. ती पत्र वाचून खूश झाली आणि रागावलीही. वर्षभराने पुन्हा हेच सगळं करायचं होतं.

संघटनेने उच्चारमास्तरची टिपणं जोडून निवेदन पुन्हा पाठवलं. या वेळी स्वागतगीताचा विषय निघाला नाही. एका रुग्णालयाने, असा माणूस नेमायचा तर त्याचं शिक्षण काय असावं लागतं, एवढं विचारलं. त्या एका ओळीला उत्तर लिहिण्यात तिघांनी रविवारची अख्खी दुपार घालवली आणि दोनदा भांडण केलं. शाळेतल्या सचिवाला ते सहा पानी हवं होतं, बाकी दोघींना दीड.

काका घरी गेले. काकूंचा फोन येतो. घरात सगळं आता घोषणेच्या चालीत चालतं. परवा जेवण वाढायला उशीर झाला, तर सगळ्या प्रवाशांना कळेल अशा आवाजात कळवण्यात आलं. त्यांना नुसतं बोलताना दोन शब्द येतात, कधी तीन. काकू तेवढ्यावर समाधानी नाहीत आणि काकाही नाहीत. म्हणून दर मंगळवारी दोघं येतात.

त्यांच्या रिकाम्या झालेल्या पलंगावर गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांचा डावा पाय फरफटत होता. टिंगटिंगताई गिटार घेऊन दारात दिसताच त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि बजावलं की आपल्याला संगीत आवडत नाही, आधीही आवडत नव्हतं आणि आजारी पडल्याने आवड बदलेल असं समजू नये.

"नका आवडून घेऊ, बाई," तिने गिटार भिंतीला टेकवली. "मी नुसत्या टाळ्या वाजवते. तुम्ही मोजा आणि चाला. चुकले तर सांगा."

शिक्षिका उभ्या राहिल्या. तिसऱ्याच टाळीला त्यांनी तिची चूक काढली.