डिंगोऱ्याला परत न गेलेली केळ

मी केळ बोलतेय. ओतूरला झुंबरलाल शेठच्या घरामागे, धुण्याच्या दगडाशेजारी उभी आहे. उभी आपली म्हणायची, आतून सगळा भुसा झालाय.

माझं माहेर डिंगोरे. तिथली सारजाबाई भाजी घेऊन बाजाराला यायची. तिनंच मला पिल्लू असताना शेठाणींना, म्हणजे उगमबाईंना, आणून दिलं. "माझ्या आईनं लावल्याली केळ हाय, संभाळा," म्हणाली. जैनाच्या घरात बटाटा चालत नाही, त्यामुळे माझ्या कच्च्या केळ्यांचं कोण कौतुक! वडे माझे, वेफर माझे, पर्युषणातली भाजीही माझीच.

बाईंना काही टाकून देववत नसे. साली भिजवलेलं पाणी गुलाबाला, सालीच्या आतल्या अंगानं मुलाचे, पारसचे, बूट चकाचक. पाहुणे पानावर जेवत, सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सुकल्या सालपटाच्या, दोरीत गजरे बांधले जात. "आता हिचं लोणचं तेवढं घालायचं राहिलंय," शेठजी चिडवायचे. मी आपली फुगून जायचे.

पण आमच्या फळात पेरायला बी नसतं. एक घड द्यायचा, आडवं व्हायचं, पुढचा संसार मुळाशी फुटलेल्या पिल्लांनी करायचा.

यंदा श्रावणात ओढा फुटला आणि सारजाबाईचं परस वाहून गेलं, आईची केळही गेली. सारजाबाई तशीच ओतूरला आली.

"उगमबाई, एक पिल्लू द्या. आईचं दुसरं काय बी न्हाई राह्यलं माझ्याकडं."

बाईंचं काळीज हललं. पण चौमासा लागलेला, पावसाळ्याचे चार महिने जमीन खणायची नाही हा त्यांचा नेम. "जमीन खणायची, कंद काढायचा, किती जीव मरतील गं! कार्तिकी पौर्णिमा होऊ दे. एक काय, चार ने."

सारजाबाईनं माझ्या बुंध्याशी तुंबलेलं पाणी पाहिलं, पण नेमापुढे काय बोलणार? "बरं," म्हणून गेली.

बोलायला हवं होतं ते मी. कंद सडू लागला होता, पिल्लांत किडे शिरले होते. बाई मायेनं त्यांच्याभोवती रोज साली पसरायच्या आणि ओल आणखी वाढायची. मला तोंड असतं तर नेम मोडायला लावला असता.

पौर्णिमा सरली. बाईंनी सारजाबाईला फोन करून बोलावलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः खुरपं धरलं. पहिलं पिल्लू धरताच हातात आलं. मऊ, घाण वास मारणारं, किड्यांनी वळवळणारं. बाकीचीही तशीच.

बाई चिखलातच बसल्या. "जीव वाचवायला गेले गं, सारजा..."

सारजाबाईनं पदरानं त्यांचे हात पुसले. "रडू नका. तुमी का मुद्दाम केलं व्हतं?"

बाई उठल्या, घरात धावल्या. वेफरचा डबा, सालींची वाळकी पूड, पानांची चळत, हाताला लागेल ते आणून तिच्या पाटीत भरत सुटल्या.

"लई झालं," सारजाबाई हळूच म्हणाली, "पर ह्यातलं मातीत काय लावू?"



आता मी आडवी होईन. दोन पानं अजून हिरवी आहेत, न्या, जेवा त्यावर. एवढंच सांगते, तुमच्या परसात कुणाच्या आईची केळ असेल, तर पिल्लू मागायला आलेल्या लेकीला मुहूर्त सांगू नका.