दोन ठोके, मग एक

मित्रांनो, मी एक जुना क्वांटम स्मृतिरोधक आहे. नावाला भिऊ नका. मूर्ती तांदळाच्या कणीएवढीसुद्धा नाही. माझ्यातून प्रकाशाचे सुटे सुटे कण जात आणि जाता जाता मला थोडे बदलून जात. जे वारंवार जाई, त्याची वाट माझ्यात रुळे. माझ्यासारखे अनेक जोडून आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक ताईने कृत्रिम चेतापेशींचे जाळे विणले आणि एका डब्यात बसवले.

ताईच्या बाबांची वाचा आजारपणात गेली होती. ते शुश्रूषागृहात असत आणि बोटाने टेबलावर ठोके देऊन बोलत. दोन ठोके म्हणजे पाणी. दोन ठोके, जरा दम खाऊन आणखी एक, म्हणजे घरी ने. हे एकट्या ताईला कळे. ती नसताना परिचारिकांनाही कळावे, म्हणून ठोके ऐकून त्यांचा अर्थ बोलून दाखवणाऱ्या डब्याचा हा सारा खटाटोप. प्रत्येक ठोक्याचे प्रकाशकण होऊन आमच्यातून जात. आम्ही बाबांचे ठोके शिकलो, त्यांचे ते थांबणेही शिकलो. तेव्हा ताईने डब्यालाच शाबासकी दिली!

मग आमचा बोलबाला झाला. रोज पाहुणे येऊ लागले. "सर, पाहुण्यांना दाखवताना डब्याचं शिकणं बंद ठेवू या ना," ताई प्रयोगशाळेच्या प्रमुखांना म्हणाली.

"अगं, चालू राहू दे. शिकताना दिसलं तरच मजा!" सर म्हणाले. ताईने ते चालूच ठेवले.

जो येई तो टेबल बडवी. घाईघाईने दोन ठोके, की डबा म्हणे, पाणी! हशा, टाळ्या. तिसऱ्या ठोक्यासाठी थांबायला कुणाला सवड होती? हळूहळू माझ्यातली थांबण्याची वाट बुजली. ते मला कळलेही नाही, याचे फार वाईट वाटते.

शेवटी चाचणीसाठी बाबांना चाकाच्या खुर्चीतून आणले. डबा पास झाला, की तो त्यांच्या उशाशी जाणार होता. गर्दीने ते दमले. त्यांनी दोन ठोके दिले.

"पाणी," डबा बोलला.

टाळ्यांच्या कडकडाटात बाबांचा तिसरा ठोका बुडाला. कुणीतरी लगबगीने पेला पुढे केला. बाबांनी एकदा लेकीकडे पाहिले आणि तहान नसताना सगळे पाणी पिऊन टाकले.

"बाबा, घरी जायचंय ना?" ताईने विचारले. तिने डबा बंद केला, तो कायमचाच.

मित्रांनो, आता मी कपाटात धूळ खात पडलो आहे. माझे जाऊ द्या. तुमच्या घरी कुणी अडखळत, थांबत बोलत असेल, तर लगेच पेला पुढे करू नका. तिसऱ्या ठोक्याची वाट पाहा.